एका विहिरीच्या पाचशे विहिरी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीचा माळी सकाळी साडेसातला हिरवळीवर पाइप सोडतो. थंड मातीवर पाणी पसरत जाताना एक वास येतो. उन्हाळ्यात तोच पाइप असतो, तीच माती असते, पण तो वास नसतो. मी तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी असते. हातात चहा, शेजारी दिवसभराच्या कामांची यादी. यादीत त्या वासासाठी जागा ठेवलेली नसते, तरी पाच मिनिटं जातातच.

हा वास माझ्यासाठी गव्हाच्या ओलिताचा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका हंगामाचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मी गावी, इंझोरीला, बाबांजवळ राहिले होते. अठराव्या वर्षी शिकायला बाहेर पडले, त्यानंतर इतके दिवस सलग मी घरी कधी राहिले नव्हते आणि त्या हंगामानंतरही राहिलेली नाही.

मी तेलाच्या साठ्यांची गणितं करते. ओळख करून देताना एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकायला सहसा कोणी थांबत नाही. इथे सांगून टाकते. जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर दगड असतो आणि त्या दगडाच्या बारीक छिद्रांत तेल असतं. तालुक्याएवढ्या पसाऱ्यात आपण जेवणाच्या ताटाएवढ्या रुंदीची दहा-वीस भोकं पाडलेली असतात. त्या भोकांतून कळतं तेवढं खरं, मधलं सगळं अंदाजाचं. मग संगणकात त्या दगडाची प्रतिकृती करायची, तिचे लाखभर ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यात छिद्रं किती आणि त्यांतून तेल किती सहज सरकेल याचे आकडे भरायचे. ही प्रतिकृती आधी मागच्या वर्षांतून चालवायची. प्रत्यक्षात जेवढं तेल निघालं तेवढंच तिच्यातूनही निघालं, तर म्हणायचं, जुळली. अडचण अशी की वेगवेगळे आकडे भरलेल्या शंभर प्रतिकृती भूतकाळाशी सारख्याच जुळतात आणि पुढच्याबद्दल शंभर वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून एकीवर विसंबायचं नसतं. शेकडो चालवायच्या आणि वर कळवायचं: निदान एवढं, बहुधा एवढं, फार झालं तर एवढं. हा पट्टा किती रुंद आहे ते प्रामाणिकपणे सांगणं, ही माझी नोकरी. सव्वीस वर्षं झाली. वरचे लोक पट्टा पाहतात आणि म्हणतात, "मॅडम, एक आकडा द्या."

आई गेल्यानंतर बाबा दोन वर्षं एकटे होते. मंगरूळपीरच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा शहात्तर वर्षांचे. चार एकर शेत, एक विहीर. याद्या करण्याची सवय मला त्यांच्याकडूनच आली. ऑफिसकडून घरून काम करण्याची परवानगी काढून मी गेले, तीही एक यादी घेऊनच. बाबांनी बडोद्याला माझ्याकडे राहायला का यावं, याची चौदा कारणं, क्रमवार. रक्तदाब, न्हाणीतली शेवाळलेली फरशी, दवाखान्याचं अंतर, एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा आणि मग नुसत्या चहा-बिस्किटावर काढलेले दिवस. दुसऱ्याच सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून मी ती वाचून दाखवली. शेषरावकाका तिथेच तंबाखू मळत बसले होते. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र, आणि शेजारचं शेत त्यांचं. दोन शेतांच्या मध्ये फक्त एक धुरा, मातीचा बांध.

बाबांनी चौदाही कारणं ऐकून घेतली.

"बरी लिवली," ते म्हणाले. मग वाकून विहिरीत पाहिलं. त्या वर्षी पाऊस ऑगस्टातच तुटला होता आणि पाणी बरंच खाली गेलेलं होतं. "असं करू. गव्हाले सहा पानी लागते. सहा झाले, तं मी इथंच राह्यतो. विहिरीनं पयलेच हात वर केले, तं येतो तुह्यासंग. मंग इथं माह्यं काय काम हाये?"

"पैज लावून राह्यला का गा?" काकांनी विचारलं.

"पैज नाई, ठराव हाये. लिवून घे, शोभा."

मी लिहून घेतलं.

पाणी म्हणजे ओलिताची एक पूर्ण फेरी. पहिलं पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, शेवटचं म्हणजे सहावं दाणा भरताना. गावात गव्हाचं वय असंच सांगतात: "दोन पान्याचा झाला." माणसाचंही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी एकावन्न वर्षांची होते. किती पाण्यांची झाले असते कोण जाणे.

त्या दिवसांतलं काय काय आठवतं त्याला क्रम लावता येत नाही, आणि क्रम लागला नाही की मी अस्वस्थ होते. दिवसा वीज यायची त्या आठवड्यांत सकाळी नऊला मोटर सुरू व्हायची. पाटातून पहिलं पाणी यायचं ते गढूळ, पुढे काड्या-कचरा आणि गोगलगायींचे शंख ढकलत. बाबा फावड्याने एका साऱ्याचं, म्हणजे वाफ्याचं, तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचे. पावलं घोट्यापर्यंत चिखलात, आणि तो चिखल इतका गार की पहिला अर्धा तास पायांना स्वतःची बोटं कळत नसत. मी सोयाबीनच्या पोत्यांना टेकून लॅपटॉप उघडायची. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारायचं, "मॅडम, मागे कसला आवाज आहे?" साळुंक्या असायच्या. दुपारी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि दोघांनी समोरासमोर बसून, न बोलता, ढीग संपवायचा. न बोलता दुसऱ्याबरोबर खाणं किती वेगळं असतं, हे मी विसरून गेले होते.

पहिल्या पाण्यानंतर मी म्हणाले, "बाबा, सहा पाणी होतील का, मी काढून देते."

त्यांच्याजवळ अकरा वर्षांच्या वह्या होत्या. रोज सकाळी मोटर लावण्याआधी ते दोरीला दगड बांधून विहिरीत सोडत. दोरीला हाता-हाताच्या अंतरावर गाठी. दगड तळाला टेकला की दोरी वर ओढायची, किती गाठी भिजल्या ते मोजायचं आणि लिहायचं, कचेरीतल्या वळणदार अक्षरात. माझ्या धंद्यात अकरा वर्षांची अशी सलग मोजणी मिळाली तर लोक पेढे वाटतील. चार दिवस बसून मी सगळे आकडे संगणकात उतरवले. नऊ जागी ते विचित्र होते. पावसाचा थेंब नाही, कोरडा हिवाळा, आणि पाणी पाच-सहा दिवसांत दोन-अडीच हात वर. मोजताना किंवा लिहिताना बाबांची गफलत झाली असेल, असं धरून मी त्या नऊ जागांवर लाल खूण केली आणि त्यांना बाजूला काढलं. तसा नियम नाही. सवय आहे.

मग मी त्या एका विहिरीच्या पाचशे विहिरी केल्या. कुठे झरे दोन, कुठे पाच. कुठे काळ्या पाषाणातल्या भेगा खोल, कुठे मुरमातच संपलेल्या. पाचशेही बाबांच्या वह्यांशी जुळत होत्या. पुढे चालवल्या तेव्हा पाचशेतल्या एकतीस विहिरी सहाव्या पाण्यापर्यंत पोचल्या.

मी ते दोघांना कठड्यावर बसवून समजावलं.

"एकतीस," बाबा म्हणाले. "मंजे नाई, असंच ना?"

"नाई असं नाई म्हनता येत, बाबा. कठीन हाये एवढंच."

"मंग हो म्हन."

"हो बी नाई म्हनता येत."

काकांनी बाजूला पिंक टाकली. "तुमच्या कंपनीत बी असंच चालते का वं? हो बी नाई, नाई बी नाई?"

"असंच चालते, काका."

"अन् तरी तेल निंगते?"

"निंगते."

"मंग तेलच हुशार हाये."

बाबा हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं खांदे हलवून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या कुठल्या गोष्टीवर हसले नव्हते हेही मला कळलं.

जानेवारी लागला तशी दोरी रोज थोडी अधिक कोरडी वर येऊ लागली. मी सकाळचा आकडा आलेखावर मांडायची. ठिपका माझ्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मधोमध. मला आनंद होत होता. काही दिवस मी त्याला गणित बरोबर आल्याचा आनंद समजत राहिले. मग एका दुपारी वहीच्या मागच्या पानावर मी एक नवी यादी लिहीत असल्याचं माझ्या लक्षात आलं. मागच्या खोलीत पलंग. न्हाणीघरात धरायला दांडी. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं. मराठी वर्तमानपत्र. खाली बागेत दुपारी बसायला येणारे म्हातारे कोण कोण. आणि सगळ्यात शेवटी: संध्याकाळी दार आतून उघडेल.

माझं लग्न सात वर्षं टिकलं. मूल नाही. त्याबद्दल आता फारसं काही वाटत नाही. त्याच्या सगळ्या याद्या करून झाल्या आहेत. पण तेव्हापासून माझ्या घराचं कुलूप मीच लावते आणि मीच काढते. संध्याकाळी पर्समध्ये किल्ली चाचपडताना हातातली भाजीची पिशवी जमिनीवर ठेवावी लागते. रोज. चौदा कारणांत हे कारण नव्हतं. ती चौदाही कारणं बाबांची होती. मी त्यांच्या रक्तदाबाची, त्यांच्या फरशीची, त्यांच्या चहा-बिस्किटांची काळजी वाहत तिथे गेले होते, आणि सकाळी दोरी कोरडी वर आली की माझं मन हलकं होत होतं. बापाची विहीर आटावी म्हणून टपून बसलेली लेक. हे मी त्या वेळी कुठेच लिहिलं नाही.

पाचवं पाणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला कसंबसं झालं. शेवटच्या दोन साऱ्यांवर मोटर हवा ओढू लागली. पाट खोकल्यासारखा थांबून थांबून वाहिला. सहाव्यासाठी विहिरीत निदान चार हात पाणी साठायला हवं होतं. होतं दीड. माझ्या पाचशे विहिरींचं म्हणणं होतं, पंधरा दिवसांत जेमतेम अडीच होईल. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी कपाटातली जुनी बॅग काढून उन्हात ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोरी ओढली आणि म्हणाले, "अडीच." पाचव्या दिवशी, "सवातीन."

"बाबा, गाठी नीट मोजा."

"तूच मोज."

मी मोजल्या. दोनदा. गाठी ओल्या होत्या, गार होत्या, आणि सवातीनच होत्या. आभाळ स्वच्छ होतं. मी पोत्यांवर बसून सगळे आकडे पुन्हा फिरवले. झरे वाढवले, ऊन कमी केलं. पाचशेपैकी एकाही विहिरीत पाणी असं चढत नव्हतं. सगळ्यात आशावादी विहिरीतसुद्धा नाही. प्रतिकृती एक-दोन चुकल्या तर वाईट वाटत नाही. सगळ्या एकाच दिशेने चुकल्या, तर त्यांना जन्म देणाऱ्याच्या डोक्यातच काहीतरी राहून गेलेलं असतं.

सहाव्या दुपारी मी विहिरीवर बसले होते. बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते हळूहळू लक्षात आलं: एक आवाज येत नव्हता. धुऱ्यापलीकडे काकांच्या बोअरचं पाणी सिमेंटच्या टाक्यात पडायचं, वीज असेतोवर दिवसभर. इतका सवयीचा आवाज की मला तो कधी ऐकू आला नव्हता. मी धुरा ओलांडून गेले. काकांच्या गव्हाचे शेंडे वाळले होते. ओंब्या दाणा भरण्याआधीच पांढऱ्या पडू लागल्या होत्या आणि खालच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. काका निंबाखाली तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"काका, बोअर बंद हाये का?"

"मोटर जयली."

"कवा?"

"झाले पाच-सहा दिवस."

मी मोटरच्या पेटीकडे पाहिलं. तिन्ही फ्यूज काढून, पुसून, पेटीवर एका ओळीत ठेवलेले होते. जळलेल्या मोटरचे फ्यूज कोणी असे ठेवत नाही.

"काका, तुमचा गहू चालला."

"जाते तं जाऊ दे. खान्यापुरता होते."

"असं पयले बी केलं का तुमी?"

"कदी मी बंद ठेवतो, कदी तो ठेवते." त्यांनी शेंग उलगडली. "खाली झरा एकच हाये, बाई. धुरा तं आपन वरून टाकेल हाये."

"बाबांच्या वहीत कुठीसाच लिवेल नाई."

"हे काय वहीत लिवाची गोष्ट हाये?"

मला त्या नऊ लाल खुणा आठवल्या.

पुढची शेंग उचलत काका म्हणाले, "तू त्याले नेऊन काय करशीन? तू जाशीन सकायी कामावर. तो दिवसभर कोनासंग बोलन?"

"अन् मी कोनासंग बोलू, काका?"

हे मी म्हणणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे पाहत राहिले, एखादं अनोळखी अक्षर वाचावं तसे. मग म्हणाले, "तू तं शिकेल-सवरेल हायेस, माय." आणि सोललेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले.

तीन वर्षं मी हे वाक्य उलटसुलट करून पाहते आहे. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की शिकलेल्या माणसाची एवढी एक सोय आपोआप होत असेल.

परत आले तेव्हा बाबा दोरी वाळत घालत होते.

"काय म्हने शेषराव?"

"मोटर जयली म्हने."

"जयली असंन," बाबा म्हणाले. "जुनी हाये."

मोटर आदल्या वर्षीचीच होती. आम्ही दोघांनीही दोरीकडे पाहिलं. ठरावात काकांच्या बोअरचा उल्लेख नव्हता. मला हरकत घेता आली असती. मी कारकुनाची मुलगी आहे, हरकत कशी घ्यायची ते मला चांगलं येतं. मी दाणे खात उभी राहिले.

सहावं पाणी झालं. शेवटचा सारा भरायला दुपारचे दोन वाजले. पाणी धुऱ्याशी जाऊन थबकलं, पसरलं, आणि त्याच्यावर गव्हाची सावली हलू लागली. बाबांनी फावडं धुतलं. उन्हात ठेवलेली बॅग मी झटकून कपाटात परत ठेवली. चार दिवसांनी मंगरूळपीरहून अकोल्याची बस धरली. बाबा बसस्टँडवर आले होते. बस दर्ग्याच्या बाजूला वळेपर्यंत ते हात वर करून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी काका, दोघांच्या डोक्यावर सारख्याच मळक्या टोप्या.

ऑफिसात आता नवी मुलं येतात. हुशार आहेत. एका दिवसात हजार प्रतिकृती चालवतात आणि अरुंद पट्टा घेऊन अभिमानाने माझ्यासमोर उभी राहतात. मी त्यांना आधी वगळलेले आकडे दाखवायला सांगते. त्यांना तो माझा खडूसपणा वाटतो. वाटू दे.

त्यानंतर मी बाबांना "इकडे या" असं पुन्हा म्हटलं नाही. ते एकोणऐंशीचे आहेत. शेत करतात, दोरी सोडतात, रविवारी सकाळी फोन करून गव्हाची बातमी देतात. माझ्या यादीत मात्र एक काम तीन आठवडे पुढे ढकललं जात होतं. नुसतं लिहिलेलं: बाबांना सांगणे. गेल्या रविवारी त्यांनी गव्हावर तांबेरा पडलाय का ते सांगितलं, थंडी सांगितली, काकांचे गुडघे सांगितले. मग नेहमीसारखं "ठेवू का?" म्हणाले.

"बाबा, मले इथं करमत नाई."

पलीकडे साळुंक्या ओरडत होत्या.

"कवापासून?"

"लय दिवसांपासून. त्या वर्षी बी नव्हतं करमत."

"मंग तवा काहून नाई सांगतलं? एवढं वाचून दाखवलं अन् हे नाई वाचलं."

"सांगतलं असतं तं आले असते का?"

मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. मग ते म्हणाले, "लाइन आली. धर जरा," आणि फोन कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. स्टार्टरचा खटका. मोटर गुरगुरली. पाइपात आधी हवा, मग पाणी. दूर जाणारी त्यांची पावलं, मग धुऱ्याकडे तोंड करून मारलेली हाक: "शेषराव, लाइन आली गा." काकांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचं होतं. चहा निवला. खाली माळ्याने पाइप गुंडाळून ठेवला. मी फोन कानाला लावून गॅलरीत उभी राहिले, आणि बराच वेळ तिकडे नुसतं पाणी पडत होतं.